मिरचीला फुलं आली आणि पानं पिवळी पडली : बाटली उघडण्याआधी पान उलटा

कुंडीतली मिरची पहिला दीड महिना कुणाला त्रास देत नाही. फुटवे येतात, पानं तुकतुकीत असतात, घरी आलेल्या पाहुण्यांना गच्चीवर नेऊन दाखवायची हौसही भागते. मग पेरापेरांत पांढरी फुलं दिसू लागतात आणि त्याच आठवड्यात खालची दोन पानं पिवळी होतात. आपण घाबरतो. शेजारच्या काकू म्हणतात राख टाका, भाऊ म्हणतो एप्सम सॉल्ट, दुकानदार एक बाटली हातात ठेवतो. आपण तिन्ही करतो. आठ दिवसांनी फुलं गळतात आणि नेमकं कशानं गळली हे शोधायला काही मागमूस उरत नाही.

मीही हे सगळं केलेलं आहे. एका एप्रिलमध्ये भर दुपारी बारा वाजता कडुनिंबाचं तेल फवारलं होतं. संध्याकाळी पानांवर भाजल्यासारखे तपकिरी डाग होते आणि फुलकिडे मात्र मजेत होते. तेव्हापासून ठरवलं, आधी तपास, मग औषध, आणि एका वेळी एकच औषध. पुढचं सगळं मिरची धरून लिहिलंय, पण टोमॅटो आणि वांग्यालाही यातलं बरंचसं लागू पडतं. तिघंही एकाच कुळातले.

तपासाची पाच मिनिटं

सकाळी, पाणी घालायच्या आधी बघायचं. पाणी घातल्यावर मातीची खरी अवस्था कळत नाही, आणि दुपारी सगळीच झाडं थोडी मलूल दिसतात.

पहिल्यांदा चार पावलं मागे उभं राहा आणि पिवळेपणा कुठे आहे ते बघा. खालच्या जुन्या पानांत, शेंड्याच्या कोवळ्या पानांत, सगळीकडे सारखा, की एकाच फांदीवर? निम्मं निदान इथेच होतं.

मग बोट मातीत दोन पेरं खाली घाला. वर कोरडं आणि खाली दमट असेल तर छान. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो हाच. बोटाला चिखल लागला तर पाणी जास्त आहे. कुंडी उचलता येण्यासारखी असेल तर उचलून बघायची सवय लावा. पंधरा दिवसांत हाताला वजनावरून अंदाज येतो आणि त्यापुढे कुठल्याही मीटरची गरज लागत नाही.

तिसरं काम पान उलटण्याचं. शेंड्याजवळचं एक, मधलं एक, खालचं एक. मिरचीवरचा जवळजवळ प्रत्येक रसशोषक किडा पानाच्या खालच्या बाजूला राहतो, आणि आपण मात्र पान वरून बघून निष्कर्ष काढतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं १० पट भिंग पुरेसं आहे. ते नसेल तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघा.

चौथं, पांढरा कागद. फुलाखाली धरा आणि फुलावर दोन टिचक्या मारा. कागदावर बारीक, लांबट, चालणारे कण पडले तर ते फुलकिडे. परागकण पडतातच, पण ते चालत नाहीत.

खालची पानं पिवळी

मिरचीला फळ धरायला लागलं की झाड जुन्या पानांतला नत्र काढून घेतं आणि वर पाठवतं. नत्र, मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅशियम) ही तिन्ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत हलू शकतात, म्हणून त्यांची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते. अगदी तळची दोन-तीन पानं पिवळी होऊन गळाली आणि बाकी झाड हिरवंगार असेल तर काहीही करू नका. त्या पानांनी आपलं काम केलेलं आहे.

पिवळेपणा वर चढत असेल तर मात्र बारकाईनं बघायचं. अख्खं पान शिरांसकट सारखं फिकट पिवळं होत असेल तर नत्र कमी पडतोय. याला बऱ्याचदा आपलीच एक समजूत जबाबदार असते, ‘फुलं आली की नत्र बंद, ०:५२:३४ सुरू.’ (विद्राव्य खतांवरचे हे आकडे म्हणजे क्रमानं नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं प्रमाण.) एकरभर शेतात जमिनीत नत्राचा साठा असतो. बारा इंची कुंडीत तो कुठून येणार? नत्र कमी करायचा, पण तोडायचा नाही. दोन मुठी चांगलं कुजलेलं गांडूळखत वरच्या मातीत हलक्या हातानं मिसळा, किंवा १९:१९:१९ लिटरला २ ग्रॅम घेऊन आठवड्यातून एकदा मुळांशी घाला. उलट टोकही वाईटच. पानं गडद हिरवी, मोठी, माजलेली आणि फुलं गळतायत, तर नत्र जास्त झालाय.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असं जुन्या पानांवर दिसलं तर मॅग्नेशियम. कोकोपीट जास्त असलेल्या मिश्रणात हे हमखास होतं. इथे मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच ते सुप्रसिद्ध एप्सम सॉल्ट, खरोखर उपयोगी आहे. लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारणी, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पण हे दर रविवारी ‘टॉनिक’ म्हणून घालणाऱ्यांनी ते थांबवावं. मॅग्नेशियम फाजील झालं की मुळं कॅल्शियम आणि पालाश नीट उचलत नाहीत.

पानाच्या कडा आधी पिवळ्या आणि मग करपलेल्या, मधला भाग हिरवा, तर पालाशची कमतरता. फळं भरताना ही दिसते. १३:०:४५ लिटरला २ ग्रॅम, मुळांशी.

शेंड्याची पानं पिवळी

इथे माझ्या मते सगळ्यात जास्त चुका होतात. नवी कोवळी पानं पिवळी, कधीकधी अगदी पांढुरकी, पण शिरांची जाळी हिरवी, हे लोहाच्या कमतरतेचं चित्र. लोह झाडाच्या आत फारसं हलत नाही. जुन्या पानातलं काढून नव्याला देता येत नाही, म्हणून नवीन पान उपाशी राहतं.

गंमत अशी की मातीत लोह बहुतेक वेळा असतं. मुळांना ते उचलता येत नाही, कारण माती अल्कधर्मी झालेली असते. आणि ती आपणच करतो. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं. नळाच्या तोंडावर पांढरा थर जमतो ना, तोच क्षार रोज कुंडीत जातो. मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरं फुटतं ते हेच. त्यात काकूंच्या सल्ल्यानं चुलीची राख पडली, की मातीचा सामू (पीएच) आणखी वर जातो. राख मुळात अल्कधर्मी. मावा घालवायला टाकलेल्या राखेनं झाड पिवळं केल्याची उदाहरणं मी स्वतःच्या गच्चीवर पाहिली आहेत, काकूंना मात्र अजून सांगितलेलं नाही.

पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी झाडांना घालायची पद्धत आता घरोघरी आहे. भावना चांगली, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट होऊन उतरलेले असतात. त्यानं फरशी पुसा, कुंडीत घालू नका. एसीचं ठिबकणारं पाणी उलट जवळजवळ क्षारविरहित असतं. स्वच्छ बादलीत साठवलं तर नळाच्या पाण्यात मिसळून बिनधास्त वापरा.

उपाय दोन टप्प्यांत करायचा. आधी कुंडी धुवायची. कुंडीच्या आकाराच्या दुप्पट पाणी, शक्यतो पावसाचं किंवा मऊ, हळूहळू घालून खालून वाहू द्यायचं, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. हे सकाळी करा आणि त्यानंतर माती वाफशावर येईपर्यंत पाण्याचा थेंब घालू नका. दुसरा टप्पा फवारणीचा. लिटरभर पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, मग २ ग्रॅम फेरस सल्फेट. संध्याकाळी पानांवर, उमललेली फुलं टाळून. दहा दिवसांत नवीन फूट हिरवी दिसली तर निदान बरोबर होतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, मिळतं. पाणी जड असेल तर ईडीटीएऐवजी ईडीडीएचए प्रकारचं मागा. अल्कधर्मी मातीत तेच टिकतं.

नवीन पानं शिरांसकट पिवळी असतील तर गंधकाकडे संशय घ्यावा, पण शेणखत-गांडूळखत घालणाऱ्यांच्या कुंडीत ही वेळ क्वचित येते.

सगळंच मलूल आणि पिवळं

माती ओली आहे तरी झाड मान टाकून उभं आहे, तर पाणी वाढवू नका. मुळं गुदमरलेली आहेत. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलंय का, तळाचं भोक मुळांनी किंवा मातीनं बुजलंय का, ते बघा. मातीवरून बारीक काळी चिलटं उडत असतील तर माती सतत ओली राहतेय याची ती पावती. झाड लहान असेल तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. मुळं पांढरी असली तर झाड वाचेल. तपकिरी, लिबलिबीत आणि कुबट वास असेल तर कठीण आहे. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी सगळे सांगतात. ते चांगलंच आहे, पण लागवडीच्या वेळी शेणखतात मिसळून दिलं तर. सडलेली मुळं ते जिवंत करत नाही.

कोकणात आणि गोव्यात आणखी एक शंका आधीच धरायची, जिवाणूजन्य मर. दुपारी झाड हिरवंच्या हिरवं कोमेजतं, रात्री सावरतं आणि चार दिवसांत पुरतं बसतं. खात्री करायची सोपी रीत आहे. बुंध्याचा दोन इंची तुकडा धारदार सुरीनं कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात त्याचं कापलेलं टोक बुडवून स्थिर धरा. पाच-दहा मिनिटांत त्यातून दुधाळ धागे खाली उतरू लागले तर तो हाच रोग. याला औषध नाही. झाड मातीसकट बाहेर काढा आणि त्या मातीत पुन्हा वांगी-टोमॅटो-मिरची लावू नका.

पानं वळतायत : वर की खाली?

आता किडी. मिरचीच्या पानांचा चुरडा-मुरडा झाला की लोक सरसकट ‘व्हायरस आला’ म्हणतात. थांबा, पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा.

कडा वरच्या बाजूला वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, पिवळसर किंवा काळपट. ते पान खरवडतात आणि पाझरणारा रस पितात, त्यामुळे पानाच्या मागे चंदेरी-तपकिरी चट्टे दिसतात आणि पुढे धरणाऱ्या फळावर खरबरीत डाग येतात. फुलावर टिचकी मारली की कागदावर हेच पडतात. थ्रिप्स पार्विस्पिनस ही परदेशातून आलेली जात भारतात २०१५ मध्ये बेंगळुरूजवळ पपईवर नोंदली गेली आणि २०२१ मध्ये तिनं आंध्र-तेलंगणातली मिरची फुलोऱ्यातच झोपवली. ही जात फुलांतच गर्दी करते. म्हणून फूल झटकून बघणं टाळू नका.

कडा खाली वळून पानाची उलटी वाटी झाली असेल, नवीन पानं अरुंद आणि देठ लांबलेले असतील, तर पिवळा कोळी. हा इतका लहान की साध्या डोळ्यांना दिसतच नाही, साध्या भिंगातही कष्टानं. ‘मी बघितलं, काहीच नाही’ असं म्हणून लोक त्याला विषाणू समजतात किंवा खत घालत बसतात. हा कीटक नव्हे, अष्टपाद आहे, त्यामुळे नुसत्या कीटकनाशकाचा त्यावर परिणाम होत नाही. त्याला गंधक लागतं.

वर-खाली दोन्हीकडे वळलेली पानं एकाच झाडावर दिसली तर दोघंही आहेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे सर्रास होतं.

लाल कोळी वेगळा. पानावर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य पिवळे ठिपके, मागे बारीक जाळं. कोरड्या उन्हाळ्यात, भिंतीलगत तापणाऱ्या कुंड्यांवर येतो. पानांच्या मागे पाण्याचा जोरदार फवारा सलग तीन-चार सकाळी मारला तर निम्मा प्रश्न सुटतो.

मावा आणि पांढरी माशी ओळखायला सोपे. शेंड्यावर हिरव्या-काळ्या माव्याची दाटी, खालच्या पानांवर चिकटा, चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी. खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली तर मुंग्या मारू नका, त्यांच्या मागे वर जा. त्या माव्याचा गोड चिकटा खायला निघालेल्या असतात आणि मावा कुठे आहे ते दाखवतात. पांढरी माशी झाड हलवलं की पिठासारखी उडते आणि पुन्हा पानामागे बसते.

या माशीची खरी भीती तिच्या रस पिण्याची नाही. ती पर्णगुच्छाचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. विषाणूचं चित्र असं : पानं आखूड, जाड, सुरकुतलेली, शिरा पिवळ्या, पेरं जवळजवळ येऊन शेंड्याला झुपका, झाड खुजं. फुलकिड्यांचा आणि कोळ्याचा बंदोबस्त केल्यावर दोन आठवड्यांत फूट सरळ येते. विषाणू असेल तर नवीन फूटही तशीच वाकडी येते. यातला फरक ओळखायला मला याहून भरवशाची घरगुती कसोटी सापडलेली नाही. आंबट ताक फवारून विषाणू बरा होतो असं ठामपणे सांगणारे भेटतात. त्यांच्या झाडाला बहुधा फुलकिडे होते.

एक रोग किडीसारखा वाटतो तोही सांगतो. थंडीत पानाच्या वर अस्पष्ट पिवळे डाग आणि उलटून बघितलं की त्याच जागी पांढरी पावडर, ही भुरी. मिरचीत ती पानाच्या खालून येते, म्हणून उशिरा कळते आणि तोवर पानगळ सुरू झालेली असते.

फुलोऱ्यात फवारायचं कसं

पहिला नियम वेळेचा. सूर्य कलल्यावर, साडेपाच-सहानंतर. तोवर मधमाश्या परतलेल्या असतात आणि पानं तापलेली नसतात. मिरचीची फुलं स्वतःच्याच परागानं बरीचशी फळतात, तरी मधमाश्यांचा वावर असेल तर फळधारणा सुधारते. त्यांना मारून मिरच्या खाण्यात काही शहाणपण नाही.

कडुनिंबाचं तेल : ५ मिली तेल आणि दीड-दोन मिली साधा द्रवसाबण पेलाभर कोमट पाण्यात घालून बाटलीत खळखळून हलवा. दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. तेल तरंगत असेल तर ते पानावर थेंबाथेंबानं बसून भाजतं. मग पाणी घालून लिटर करा आणि त्याच संध्याकाळी संपवा. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस थांबा. वॉशिंग पावडर साबणाच्या जागी चालत नाही.

निंबोळी अर्क त्याहून सौम्य आणि स्वस्त. वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, लिटर करा आणि संध्याकाळी मारा. जूनमध्ये कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. पिशवीभर गोळा करून गर धुऊन सावलीत वाळवल्या की वर्षाची बेगमी.

कोळी आणि भुरी या दोघांना पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पारा ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारलं तर पानं करपतात, आणि तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे गंधक मारायचं नाही. कडुनिंब काल, गंधक आज, हा झाड जाळायचा खात्रीचा मार्ग.

फवारा पानाच्या खालून वर मारा. वरून मारलेलं औषध किड्यांच्या छपरावर पडतं. फुलकिडे काही काळ मातीत कोषावस्थेत असतात आणि अंड्यांवर या औषधांचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून एकदा मारून भागत नाही. पाच ते सात दिवसांच्या अंतरानं तीन वेळा मारा, मग थांबून निकाल बघा. फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढरी माशी-माव्यासाठी पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावा. चार कुंड्यांना एक पुरतो. सापळ्यानं कीड संपत नाही, वाढतेय की घटतेय ते कळतं.

पानावर लाल पाठीचा ढालकिडा किंवा बारीक देठावर उभी राहिलेली क्रायसोपाची पांढरी अंडी दिसली तर बाटली खाली ठेवा. हे दोन्ही मावा खाणारे मित्रकीटक. आठवडाभर त्यांना संधी द्या. कुंडीतल्या, आठ दिवसांनी चटणीत पडणाऱ्या मिरचीवर आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, रासायनिक कीटकनाशक मारायला मी तरी तयार नाही. शेतकऱ्यापुढे पोटाचा प्रश्न असतो, आपल्यापुढे चार कुंड्यांचा.

आणि फुलं गळतायत पण पानांवर काहीच दोष नाही? मे महिन्यात दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं की पराग निकामी होतो आणि फूल देठासकट गळतं. दुपारची सावली, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन आणि नियमित पाणी एवढंच करता येतं. बाकी पावसाची वाट बघायची.

सुधारतंय की नाही, कसं कळणार

पिवळं झालेलं जुनं पान सहसा पुन्हा हिरवं होत नाही, वळलेलं पान सरळ होत नाही. त्यांच्याकडे बघत बसू नका. औषध दिलं त्या दिवशी शेंड्याखाली एका पेराला सैल लाल दोरा बांधा. दोऱ्याच्या वरची पानं कशी येतात, तेवढंच बघायचं. दोन आठवड्यांत ती निरोगी आली तर जुनी, पुरती पिवळी पानं हळूहळू काढून टाका, एका दिवशी तीन-चारपेक्षा जास्त नाही.

दोऱ्यावरची फूटही वाकडीच आली तर विषाणू समजून झाड काढून टाकायचं. फळं लागलेली असली तरी. पांढरी माशी उडू नये म्हणून सकाळी लवकर, गार असताना, झाडावर आधी मोठी पिशवी घाला, तोंड बांधा आणि मग बुंध्यातून कापा. हे कंपोस्टच्या ड्रमात जाऊ देऊ नका, कचरागाडीतच द्या. राहिलेली माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून मेच्या उन्हात गच्चीवर महिनाभर पसरून ठेवा. पुढच्या हंगामात त्या मातीत मेथी-कोथिंबीर लावा, मिरचीसाठी दुसरी कुंडी घ्या.